अकरा पिशव्या

बुधवार, ६ फेब्रुवारी १९६३

मुलगी आज दुपारच्या बसने आली. नाव डेल्फीन रकर. वय एकवीस, अटलांटाच्या कॉलेजात शिकते. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात पुस्तकांचं गाठोडं, आणि पायात असे बूट की आमच्या चिखलात आठवडाभरही टिकायचे नाहीत.

पाद्रीबाबांना मी स्पष्ट सांगितलं आहे की खोली देते, दोन वेळचं जेवण देते, त्यापलीकडे आम्हा काळ्या लोकांची नावं मतदार यादीत घालायच्या या भानगडीशी माझा संबंध नाही. मी सुईण आहे. जिल्ह्याच्या आरोग्य खात्याचा परवाना माझ्या नावावर आहे आणि तो दरवर्षी नवा करून घ्यावा लागतो. पाद्रीबाबा म्हणाले, "इमोजीनबाई, दुसरं कोणी तिला घरात घ्यायलाच तयार नाही हो." मी म्हटलं, ते मला माहीत आहे, म्हणून तर घेते आहे, पण खोलीच.

पोरगी चवळी-भात दोनदा मागून जेवली. तेवढी एक गोष्ट आवडली.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

काल ती विचारत होती, मतदार नोंदणीची परीक्षा देता यावी म्हणून मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवायला जागा कुठे मिळेल. चर्चमध्ये नको, कोणी आग लावेल अशी तिथल्या पंचांना भीती वाटते. मी म्हटलं माझी पुढची खोली आठवड्यातून दोन दिवस रिकामीच असते, मंगळवारी आणि शुक्रवारी. यात माझा काही भाग नाही. खोली रिकामी होती, एवढंच.

पहिल्या दिवशी तीनच जण. त्यातले होझेकाका पिकन्स एकाहत्तर वर्षांचे. जन्मभर दुसऱ्याच्या कापसात राबलेले. बोटं इतकी जाड की पेन्सिल दिसेनाशी होते. डेल्फीनने विचारलं, "काका, तुम्हाला आधी काय शिकायचंय?" ते म्हणाले, "माझं नाव. इतकी वर्षं फुलीवर काढली. फुली काय कोणाचीही असते."

वर्ग सुरू व्हायच्या आधी रूफस लॉट आले, सुतार. म्हणे तुमच्या ओसरीच्या फळ्या कुजल्यात. मला तर त्या चांगल्या दिसतात. पण माझे यजमान वेंडेल गेल्यापासून घराची डागडुजी झालेली नाही हे खरंच, म्हणून हो म्हटलं. मजुरीचं नाव काढलं तर म्हणाले, "पीचच्या मुरांब्याची एक बरणी द्या." ठीक आहे.

शनिवार, २३ फेब्रुवारी

ग्रिअरांच्या सुनेला तपासून आले. एप्रिलच्या मध्यावर मोकळी होईल. पोर आडवं आहे पण वेळ आहे अजून, फिरेल. तिच्या सासऱ्याला म्हटलं, मंगळवारी माझ्याकडे बसायला काय होतंय तुम्हाला, नुसते कुंपणावर टेकून उभे असता. मग ते येतो म्हणाले. वाटेत मीकमच्या दोघी बहिणी भेटल्या, त्यांनाही म्हटलं. त्या दोघींना मीच जगात आणलंय, त्या मला नाही म्हणत नाहीत. डेल्फीनला वाटतं तिच्या पत्रकांमुळे लोक येऊ लागलेत. वाटू द्यावं. परक्या गावी पोरीला हुरूप राहिला पाहिजे.

संध्याकाळी विनीताई आली. माझी मोठी बहीण, बँकवाल्या साहेबाच्या घरी सव्वीस वर्षं स्वयंपाकाला आहे. मागच्या रविवारी नेलेलं भांडं परत करायला आली म्हणाली. बसली, आणि सुरू झाली.

"इमो, तुला अक्कल आहे का? शेरीफ काल आमच्याकडे जेवायला होता. तुझ्या घराचं नाव निघालं. पुढच्या शुक्रवारी वर्गाला कोण कोण येतं ते बघायला गाडी पाठवणार म्हणे."

"मग पाठवू दे. गाडीला काय, रस्ता सरकारचा आहे."

"मी आपली सांगते. मागच्या दाराने सोडत जा लोकांना. मला काय करायचंय."

असं ती दर वेळी करते. मला घाबरवण्यात तिला काय मजा येते कोण जाणे. आमची आई म्हणायचीच, विनीच्या पोटात काही राहत नाही. तरी पुढच्या शुक्रवारी मागच्या दारानेच सोडीन म्हणते सगळ्यांना, परसातला चिखल वाळलाय म्हणून.

शुक्रवार, ८ मार्च

आज चौदा जण. खुर्च्या पुरल्या नाहीत, प्रसूतीचा छोटा चौरंगसुद्धा काढला.

रूफसांचं ओसरीचं काम काही संपत नाही. इतका मंद सुतार मी बघितला नाही. चार फळ्यांना चार आठवडे. आणि यायची वेळही अशी की नेमका वर्ग चालू असतानाच. मी विचारलं, "सकाळी का येत नाही तुम्ही? उजेड असतो." म्हणाले, "सकाळी लाकूड ओलं असतं, इमोजीनबाई." आज एक गाडी दोनदा घरासमोरून हळू गेली, तिसऱ्यांदा थांबली. रूफस उठून पायरीवर उभे राहिले. मग गाडी गेली. वाट चुकले असावेत. मी डेल्फीनला म्हटलं, आता यांना सांगते, राहू द्या उरलेलं काम. ती हसली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या ओसरीला एक कठडाही हवाच आहे की." पोरीला आमची ओसरी भारी आवडते.

वर्ग सुटल्यावर मात्र तिने मला पकडलं. मी जन्मदाखला भरत बसले होते, मीकमांच्या शेजारच्या बाळाचा. ती बराच वेळ माझ्या खांद्यावरून बघत होती.

"मावशी, असे किती दाखले लिहिलेत तुम्ही?"

"अकराशेच्या वर असतील. एकतीस वर्षं झाली."

"आणि ते कुठे जातात?"

"कुठे म्हणजे? जिल्हा कचेरीत. तिथे कपाट आहे."

"कोणी परत पाठवला कधी? अक्षर लागत नाही, मजकूर कळत नाही म्हणून?"

"एकही नाही."

तिने दाखला उचलून पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, "म्हणजे हा माणूस या देशात जन्मला, हे कचेरी तुमच्या सहीवर मानते. फक्त तुम्ही या देशाच्या नागरिक आहात का, याबद्दल तिला शंका आहे."

मी म्हटलं भाकरी जळेल, आणि स्वयंपाकघरात गेले. भाकरी काही चुलीवर नव्हती.

रविवार, १० मार्च

दोन दिवस तिचं बोलणं डोक्यातून जात नाही. राग येतो तो तिचा, की माझा, ते ठरत नाही. छप्पन्न वर्षांची झाले. जिल्ह्यातल्या निम्म्या माणसांचा पहिला श्वास मी ऐकलाय. त्या कचेरीच्या पायऱ्या महिन्यातून दोनदा चढते, कपाटापर्यंत जाते, दाखले ठेवते आणि परत येते. शेजारच्या दारावर मतदार नोंदणीची पाटी आहे. त्या पाटीकडे मी बघत नाही. न बघायची इतकी सवय झाली आहे की ती पाटी कोणत्या रंगाची आहे हे आज आठवून सांगता आलं नाही.

भीती वाटते, हे इथे लिहून ठेवते. इथे कोणी वाचत नाही.

सोमवार, १८ मार्च

गेले. होझेकाका, मी आणि डेल्फीन. पाटी हिरवी आहे.

नोंदणीसाहेबाने आम्हाला पावणेदोन तास काउंटरसमोर उभं ठेवलं. खोलीत चार खुर्च्या होत्या, त्यांवर फाइली होत्या. मग एक लांबलचक फॉर्म. नाव, वय, कुठे काम, कोणासाठी काम, घर कोणाचं. शेवटी घटनेतलं एक कलम उतरवून काढायचं आणि त्याचा अर्थ लिहायचा. मला आलं रेल्वे कंपन्यांना जमीन देण्याबद्दलचं. वाक्य इतकं लांब की त्यात दोनदा श्वास घ्यावा लागतो. मी सुवाच्य उतरवलं. अर्थ लिहिला: ज्याची जमीन आहे त्याला विचारल्याशिवाय आणि मोबदला दिल्याशिवाय ती दुसऱ्याला देऊ नये, रेल्वे कितीही मोठी असली तरी.

साहेब, गोरे लोक आम्हाला मारतात तशी नुसत्या नावाने हाक मारून, म्हणाला, "इमोजीन, तुझ्यासारख्या शहाण्या बाईने या फंदात पडावं याचं मला नवल वाटतं."

मी म्हटलं, "हो साहेब, मलाही वाटलं."

होझेकाकांना अर्थ काही लिहिता आला नाही. त्यांनी फक्त नावाच्या ओळीवर नाव लिहिलं. त्याला दहा मिनिटं लागली. एकेक अक्षर कुंपणाच्या खुंटासारखं ठोकून उभं केलं त्यांनी. बाहेर आल्यावर म्हणाले, "सुईणबाई, आता मला नाकारायचं तर नावाने नाकारावं लागेल." आणि परतीच्या वाटेवर गुणगुणत होते. माझे पाय दुखत होते, पण का कोण जाणे, मलाही बरं वाटत होतं.

गुरुवार, २८ मार्च

नियमाप्रमाणे अर्ज करणाऱ्यांची नावं वर्तमानपत्रात छापतात, दोन आठवडे. आपल्याकडच्या कोणी अर्ज केलाय ते मालकांना कळावं म्हणून, असं डेल्फीन म्हणते. आज माझं नाव आलं. जन्माला आल्यापासून छापलेलं पहिल्यांदाच पाहिलं. टॉलिव्हर आडनावात इंग्रजीत दोन 'ल' येतात, यांनी एकच छापलाय.

निकालही आला. अर्ज नामंजूर. कारण: हस्ताक्षर वाचता येत नाही.

मी ते दोनदा वाचलं आणि हसत सुटले. डेल्फीन घाबरली. मी म्हटलं, अगं, मग ती अकराशे माणसं जन्मलीच नाहीत की.

मंगळवार, २ एप्रिल

सकाळी सरकारी नर्स हार्कनेसबाई आल्या. दर महिन्याला त्या आम्हा बारा सुइणींची बैठक घेतात, पिशव्या तपासतात, नखं बघतात. बाई कडक, पण कामात खोट नाही. नाळ बांधायची नवी रीत त्यांनीच शिकवली. आज खुर्चीवर बसल्या नाहीत.

"इमोजीन, तुझा परवाना खात्याने थांबवलाय. पिशवी माझ्याकडे दे."

"काय चुकलं माझं, बाई? एखादं बाळ दगावलं? एखादी बाळंतीण तापली?"

"नाही."

"मग?"

"वरून हुकूम आहे. मला पत्र आलंय." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "परवान्याशिवाय बाळंतपण केलंस तर अटक होईल. कृपा करून करू नकोस."

मी पिशवी आणून दिली. आतलं पांढरं अस्तर कालच उकळून घेतलं होतं. कात्री, दोरा, डोळ्यांत घालायचं औषध, तागडी, सगळं जागच्या जागी. त्यांनी उघडून बघितली नाही. कधी नव्हे ते बघितली नाही.

गुरुवार, ४ एप्रिल

आज काही नाही. भेंडी पेरली.

रविवार, ७ एप्रिल

विनीताई मुरांबा मागायला आली. तिच्याकडे स्वतःच्या सहा बरण्या आहेत, मी मोजल्यात. मला वाटलं आता म्हणेल, बघ, सांगितलं होतं मी. पण ते म्हणाली नाही. नुसतीच इकडचं तिकडचं बोलत बसली.

"काल जिल्ह्याचे डॉक्टर आमच्याकडे जेवायला होते. मटण बरं झालं नव्हतं. ते साहेबांना म्हणत होते, एका सुईणीचं ठीक आहे, पण उद्या या सगळ्याजणी काम सोडून घरी बसल्या तर वर्षाची चारशे बाळंतपणं माझ्या अंगावर येतील, आणि मी तर बंदुकीच्या गोळीला भितो त्याहून बाळंतपणाला भितो. सगळे हसले."

"मग मी काय करू ताई? हसू?"

"मी आपली सांगते." तिने बरणी उचलली. "पर्लीनकाकीकडेही जायचंय मला. तिची हंडी आहे माझ्याकडे."

पर्लीनकाकी आमच्यातली सगळ्यात जुनी सुईण, सत्तरीची. तिचं घर नऊ मैलांवर. एका हंडीसाठी कोणी नऊ मैल जातं का? विनीताईचं वय होत चाललंय.

गुरुवार, ११ एप्रिल

ग्रिअरांच्या सुनेला सकाळी कळा लागल्या. तिचा सासरा धावत आला. मी सांगितलं, मला येता येणार नाही, पर्लीनकाकीला आणायला गाडी पाठवा. तो म्हणाला, "ती फक्त तुम्हालाच बोलावतेय." मी गेले, पण खोलीत गेले नाही. दाराबाहेर ओट्यावर बसले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

आतून आवाज येत होते. एकतीस वर्षांत बाळंतपण मी नुसतं ऐकलेलं नाही कधी. कानाने कळत होतं सगळं. आता खांदा अडलाय. आता तिला कुशीवर वळवायला हवं. मी भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "पोरी, डाव्या कुशीवर हो." आतून पर्लीनकाकी म्हणाली, "ऐकलंस ना? भिंत सांगतेय. हो डाव्या कुशीवर."

बारा वाजता बाळ रडलं. मुलगा, चांगला टणक. पर्लीनकाकीने दार उघडून तो माझ्या हातात दिला. "नुसता धर. धरायला परवाना लागत नाही."

मग दाखला भरताना तिने चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "मला आज दिसत नाही. तू सांग, मी लिहिते." तिला सगळं दिसतं. पण मी सांगितलं.

घरी येताना मी रडले. रूफस ओसरीवर कठडा घासत होते. त्यांनी बाजूला सरकून पायरीवर जागा केली.

मंगळवार, १६ एप्रिल

आज सुइणींची मासिक बैठक होती. मला बोलावणं नव्हतं. मी घरी पडदे धुतले. दुपारी बघते तर फाटकाशी एक जुनी गाडी, आणि तिच्यातून पर्लीनकाकी आणि तिच्यासोबत आणखी चौघी उतरल्या, पांढरे पोशाख, पांढऱ्या टोप्या. मला वाटलं कोणाचं काही बरंवाईट झालं.

"पाणी दे आधी," काकी म्हणाली. पाणी प्याली आणि खुर्चीत बसून टोपी सोडवली. मग तिने सांगितलं ते असं.

हार्कनेसबाईंनी नेहमीप्रमाणे हजेरी घेतली. नखं बघितली. मग म्हणाल्या, पिशव्या उघडा. कोणी उघडली नाही. पर्लीनकाकी उठली आणि आपली पिशवी बंदच्या बंद टेबलावर नेऊन ठेवली.

बाई म्हणाल्या, "पर्लीन, उघड ना."

काकी म्हणाली, "ती तुमच्याकडेच ठेवा, बाई. इमोजीनची जिथे ठेवलीय तिथेच."

मग एकेक करून सगळ्या उठल्या. अकरा पिशव्या. टेबल लहान, शेवटच्या तीन खाली जमिनीवर ठेवाव्या लागल्या. बाईंनी हजेरीची वही मिटली. नंतर म्हणाल्या, "तुमच्याकडे या आठवड्यात किती बायकांचे दिवस भरलेत?" सगळ्यांनी मिळून सांगितलं, नऊ. जिल्ह्याच्या इस्पितळात काळ्या बाईला बाळंतपणासाठी घेत नाहीत हे बाईंनाही माहीत आहे.

"काकी," मी विचारलं, "मग बाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मी डॉक्टरांना काय सांगू. मी म्हटलं, डॉक्टरसाहेबांना माझा नमस्कार सांगा, आणि सांगा की वर्षाची चारशे आहेत. बंदुकीच्या गोळीपेक्षा सोपी असतात, एकदा सवय झाली की."

सगळ्याजणी हसल्या. मीही हसले, पण डोक्यात एकच आलं: डॉक्टरांचं हे जेवणाच्या टेबलावरचं बोलणं काकीला कसं कळलं? विचारलं तर म्हणाली, "हवा येते इकडून तिकडून." आश्चर्यच आहे.

मी म्हटलं, "काकी, माझ्यासाठी तुम्ही तुमच्या पोटावर पाय आणलात."

"तुझ्यासाठी?" तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा दहा वर्षांची झाले. "पोरी, तू एकटीच फॉर्म भरायला गेलीस, आम्हाला विचारलंही नाहीस. त्याचा राग आहे मला. पुढच्या वेळी सांगायचं."

डेल्फीन दारात उभी राहून ऐकत होती. तिने एक अक्षर लिहून घेतलं नाही, नेहमी वही हातात असते तरी.

शुक्रवार, १९ एप्रिल

तीन दिवस कोणी सुईण कामाला गेली नाही. ग्रिअरांच्या वस्तीपलीकडे एका पहिलटकरणीला कळा लागल्या, तेव्हा डॉक्टरांना स्वतः जावं लागलं. म्हणे चिखलात बूट रुतला आणि बाळ डॉक्टर पोचायच्या आधीच झालं. आई आणि बाळ दोघं सुखरूप. हे मी देवाचे आभार मानून लिहिते, कारण तसं नसतं झालं तर यातलं काहीच मला लिहिता आलं नसतं. तीन दिवस आम्ही बाराही जणींनी एकच प्रार्थना केली असेल. पर्लीनकाकी तर त्या पोरीच्या घरासमोरच्या रस्त्यावर दिवसभर गाडीत बसून होती. हाक आली असती तर गेली असती, अटक झाली असती तरी. तसं तिनेच मला सांगितलं.

आज चार वाजता हार्कनेसबाई आल्या. हातात माझी पिशवी; बाकीच्या अकरा सकाळीच परत दिल्या म्हणाल्या.

"परवाना चालू केलाय. हे पत्र."

"का ते लिहिलंय का पत्रात?"

"नाही. थांबवला तेव्हाही लिहिलं नव्हतं." त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "अस्तराची एक शिवण उसवली होती. मी घातली."

मी उघडून बघितलं. बारीक, सरळ टाके. मी त्यांना लिंबाचं सरबत विचारलं. त्या नको म्हणाल्या, मग पायरीवर वळल्या आणि म्हणाल्या, ओसरी छान झालीय. गेल्या. या बाईबद्दल काय मत ठेवावं ते मला अजून ठरवता येत नाही. टाके मात्र चांगले आहेत.

रूफसांना ओसरीची तारीफ सांगितली. म्हणाले, अजून मागच्या बाजूचा जिना राहिलाय.

सोमवार, ६ मे

पुन्हा कचेरीत. या वेळी बाराच्या बारा, पांढरे पोशाख घालून. साहेबाने पहिल्या दोघींना घेतलं, आणि तीन वाजता कचेरी बंद केली. दहा जणी तशाच परत. काकी म्हणाली, "बरं झालं. एका दिवसात झालं असतं तर पुन्हा एकत्र भेटलो कधी असतो?" कचेरीच्या आवारातल्या हिरवळीवर आम्ही डबे सोडले. तिथे आपल्यातल्या कोणी कधी डबा सोडला नव्हता. मासे, मक्याचा पाव, माझा मुरांबा. शिपाई आला, बघितलं, बारा सुइणी आहेत. त्याची स्वतःची बायको सहाव्या महिन्यात आहे, तिचं बाळंतपण आमच्यातल्या लिझीकडे आहे. तो गेला परत.

गुरुवार, ९ मे

डेल्फीन आज गेली, पुढच्या जिल्ह्यात. तिथे अजून एकही वर्ग नाही. बूट बदललेत तिने, रूफसांनी तळवे ठोकून दिले. जाताना म्हणाली, "मावशी, तुम्ही या कामात नसता तर माझं काय झालं असतं?" मी म्हटलं, मी कुठे या कामात आहे, खोली दिली फक्त. ती इतकी हसली की बस थांबवून ड्रायव्हर विचारायला लागला.

वर्ग आता मीच घेते, कोणीतरी घ्यायला हवा म्हणून. मंगळवारी एकवीस जण होते.

बुधवार, २५ ऑगस्ट १९६५

बऱ्याच दिवसांनी ही वही काढली. मध्ये दोन वर्षं गेली, माझे पाच अर्ज नामंजूर झाले. तिसऱ्या वेळी 'वय संशयास्पद' म्हणाले. पण वॉशिंग्टनला कायदा झाला, आणि सोमवारपासून सरकारने परीक्षा बंद करून आपला माणूस पोस्टाच्या तळघरात बसवलाय. होझेकाका सोमवारी पहाटेच जाऊन रांगेत पहिले उभे राहिले. त्यांनी सही केली, चार मिनिटांत. म्हणाले, सराव झालाय आता.

विनीताई काल जाऊन नाव घालून आली. मी विचारलं, साहेबांनी सुट्टी दिली? म्हणाली, मागितली नाही. दुपारचं जेवण गार वाढलं आणि गेले.

आज आम्ही सुइणी. रांग रस्त्यापर्यंत. ऊन फार होतं, रूफस छत्री घेऊन उगीचच रांगेच्या कडेला उभे होते, त्यांचं स्वतःचं नाव परवाच झालं असूनही. सकाळी आठला उभ्या राहिलो, माझी पाळी आली तेव्हा साडेअकरा झाले होते.

टेबलामागे एक तरुण गोरा माणूस, बाह्या वर केलेल्या, घामाने भिजलेला. त्याने वर बघितलं. नाव विचारलं. मी सांगितलं. त्याने लिहिलं, 'ल' दोन आहेत का ते विचारून. मग समोरच्या खुर्चीकडे हात करून म्हणाला,

"बसा ना, मिसेस टॉलिव्हर."

मी त्या खुर्चीकडे बघितलं. लाकडी साधी खुर्ची, एक पाय जरा आखूड. मी बसले. त्याने प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, सही केली. त्याने दाखला फाडून माझ्या हातात दिला, आणि झालं, पुढे काही नव्हतं. तरी मी उठले नाही. तो पेन पुसत बसला.

मग रांगेतून पर्लीनकाकीचा आवाज आला. "पोरी, ऊठ आता. आम्हालाही बसायचंय."